खमीरवाल्या मॅडम

खमीरवाल्या मॅडम कुणाच्याही घरी गेल्या तरी दाराशीच बसायच्या. अंगाला आंबूस वास येतो, आत कशाला, म्हणायच्या. हिंगोलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि डोंगरकडा गावात, आमच्या शेजारी, माहेरच्या घरात एकट्या राहायला आल्या.

आमच्याकडे केळी फार. माल गाडीत भरला की डागाळलेली, फुटलेली केळी बांधावर सडत पडतात. मॅडम ती गोळा करून पिंपात कालवायच्या आणि त्यात खमीर सोडायच्या. केळ्यांतली साखर खाऊन खमीर वाढतं, आणि त्या वाढलेल्या खमिरात प्रथिनं असतात. ते सोयाबीनच्या भुशात मिसळून उन्हात वाळवलं की झाला शेळ्यांचा खुराक. फक्त पिंपाला सतत हवा लागते. हवेचा पंप वीज गेली की थांबायचा, आणि वीज तर रोजच जायची. मग मॅडम लाकडी दांड्यानं ढवळत बसायच्या. आईनं एकदा विचारलं, "एवढं काहून ढवळून राहिल्या?"

"वारा न्हाई मिळाला की याची दारू होते, बाई."

गावात यातलं 'दारू होते' तेवढंच पसरलं.

त्या उन्हाळ्यात आमची शेळी व्याली, पण तिला दूधच येईना. आई पिंपावर आशा लावून होती. नेमका तेव्हाच मॅडमना ताप आला आणि पिंप ढवळायचं राहिलं. अंथरुणातून उठून त्यांनी झाकण काढलं, दारूचा वास आला तसं सगळं उकिरड्यावर ओतलं. थोडं तरी द्या म्हणून आईनं हात जोडले. त्यांनी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी करडू गेलं. मॅडम येऊन बसल्या. मग आईच उठली आणि त्यांच्यासोबत केळी वेचायला गेली.

पुढच्या खेपेचा खुराक शेळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. पावसाळ्यापर्यंत त्या अंगानं भरल्या. बघून आणखी काही घरांनी पिंपं आणली. पण तोवर मॅडमचा खांदा कामातून गेला होता. हात वर होईना, तेव्हा त्यांचा भाऊ त्यांना वसमतला घेऊन गेला.

परवा त्यांचा फोन आला. अजून कोण कोण करतं, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. ढवळून ढवळून सगळे कंटाळले, आता एकटी आई उरली. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, थकल्या तर सोडून द्या. मला वाईट वाटणार न्हाई."

मी आईला तसंच सांगितलं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

"वाटंल," ती म्हणाली. "त्या बोलायच्या न्हाईत, एवढंच."

आणि गुडघ्यावर हात टेकून पिंप ढवळायला उठली.