खुणेच्या वीतभर अलीकडे

माझी धाकटी बहीण दिसायला माझ्यापेक्षा उजवी आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी ऐकवलं आहे. ते मी पचवलं होतं. पण अभिनय माझा होता. जयंतीच्या उत्सवात आमच्या वॉर्डात विहारासमोर नाटक बसायचं, त्यात मुख्य बाईचं काम दर वर्षी मी करायची आणि ती विंगेत माझी दुसरी साडी हातात धरून उभी असायची. त्यामुळे मुंबईहून वेब सिरीजवाले बालाघाटला आले, आम्ही दोघी ऑडिशनला गेलो आणि त्यांनी तिला निवडलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम मलाही दिलं त्यांनी. तिच्या जागी उभं राहायचं.

म्हणजे असं, की कॅमेरा आणि लाइट लावायला वेळ लागतो, तोवर नटीला उन्हात कशाला ताटकळवायचं? म्हणून तिच्याच उंचीची, तशीच साडी नेसलेली दुसरी बाई खुणेवर उभी करतात. सगळं जुळलं की ती बाजूला होते आणि खरी नटी येते. खरी नटी म्हणजे माझी बहीण, जिचा चारचौघांत चहाचा कप धरतानाही हात थरथरतो.

शूटिंग परसवाड्याकडच्या एका घराच्या अंगणात होतं. अंगण ताजं सारवलेलं. त्यावर चिकटपट्टी टिकेना, म्हणून दिग्दर्शिकेच्या सहायक बाईने खडूच्या भुकटीने पांढरी खूण काढली. बहिणीचं काम एवढंच, की दारातून यायचं, खाली न बघता त्या खुणेवर थांबायचं आणि पोलिसाला एक वाक्य विचारायचं. खुणेच्या पुढेमागे झालं की चेहरा धूसर येतो.

मी उभी राहिले ती बरोब्बर खुणेवर. दारातून चालत येऊन दाखवा म्हणाले, तरी बरोब्बर. फोकस सांभाळणारा "वाह दीदी" म्हणाला. मग बहीण आली आणि खुणेच्या वीतभर अलीकडे थांबली. परत घेतलं, परत वीतभर अलीकडे. आणखी एकदा, तेच. सहायक बाई दिग्दर्शिकेला हळूच म्हणाली, "अब भी नहीं हुआ तो बड़ीवाली से करवा लें?" मी जवळच होते. मी पदर सारखा केला. पोलिसाला विचारायचं ते वाक्य मला कधीचं पाठ होतं.

बहीण रडवेली होऊन माझ्याकडे आली. "ताई, मले समजूनच नाही राह्यलं. मी त बराबर येतो न वं. काहून चुकून राह्यलं?"

मला कळलं होतं. पहिल्याच वेळी कळलं होतं. सारवलेलं अंगण आणि त्यावर पांढरी रेघ. जयंतीच्या सकाळी विहारासमोर रांगोळी काढली की आई ओरडायची, "पाय नोको देऊ वं तिच्यावर!" बहिणीने कधी दिला नाही. गुणाची पोर ती. आईची पाठ वळली की मी खुशाल तुडवत जायची.

मी मोठ्याने, सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं सांगितलं, "उसको वो रंगोली लगती है! पाँव नहीं रखेगी वो!" मदत म्हणून नाही. तिचं हसं व्हावं म्हणून. हिला साधं उभंही राहता येत नाही, हे एकदाचं सगळ्यांच्या डोक्यात शिरावं म्हणून. लोक हसले, बहिणीने मान खाली घातली, आणि मला फार गोड वाटलं.

दिग्दर्शिका तेवढी हसली नाही. ती उठून अंगणात आली आणि फोकसवाल्याला म्हणाली, "हर बार यहीं रुकी है ना?" तो म्हणाला, हो, दर वेळी नेमकी इथेच. "तो ग़लत कहाँ है? बिना देखे एक ही जगह आ रही है. कैमरा खिसकाओ."

म्हणजे चूक तिची नव्हतीच, खुणेची होती! मी आयुष्यभर सांगतील तिथे उभी राहत आले, माझ्यासाठी कोणी साधी खुर्ची सरकवली नाही. हिच्यासाठी अख्खा कॅमेरा सरकला, आणि तोही माझ्या तोंडामुळे. माझी जीभ झडली का नाही, असं मला झालं.

बहिणीने धावत येऊन माझा हात धरला. "बरं झालं ताई तू सांगतलं. नाहीतं मले काढूनच टाकलं असतं." तिला वाटलं, मी तिला वाचवलं. तिच्यासाठी खुर्ची आली, डोक्यावर छत्री आली.

कॅमेरा सरकला की लाइटही पुन्हा लावावे लागतात. सहायक बाईने मला हाक मारली. नव्या जागी खूण नव्हती, सारवणावर बहिणीच्या पावलांचे ठसे होते. त्यांवर पाय ठेवून मी उभी राहिले. उजेडासाठी समोर धरलेल्या पांढऱ्या फळीवरून ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. छत्रीखालून ती माझ्याकडे बघून हसत होती, लहानपणी विंगेतून हसायची तशीच, मनापासून, आणि मला ते सहन होत नव्हतं.