मेव्हण्याचा साधा प्रायमर

माझ्या मेव्हण्याला देवाने बहारीनला धाडलं ते साधा प्रायमर लावायचा की मॅग्नम, एवढा एकच निवाडा करायला, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. झल्लाककडच्या एका नेमबाजी क्लबात तो वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरायचा. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवायची मसुराएवढी टिकली. तिच्यावर ठोका पडला की ठिणगी उडते आणि आतली दारू पेटते. मॅग्नमची ठिणगी जास्त तापट, दिसायला मात्र दोघी जुळ्या. म्हणून त्याच्या टेबलावर एका वेळी एकच डबी उघडी असे. हे आम्हाला तोंडपाठ, कारण दर शुक्रवारी सनद भागातल्या आमच्या घरी जेवायला आला की हा बाबा दुसरं काही बोलतच नसे. माणसंही त्याने तशीच वाटून टाकली होती. घरमालक मॅग्नम, मी साधा. "आणि मी रे?" असं बायकोने विचारलं तर म्हणाला, "ताई, तुझी डबी भावजींनी बघून उघडायला हवी होती." मी आपली आमटी ओरपली.

तेलाचं तर त्याला भयंकर वावडं. तेलकट बोट लागलं की प्रायमर मेलाच, असं तो म्हणे. म्हणून कामाच्या दिवशी भजी नाही, केसांना तेल नाही. अशा माणसाला माझ्या बायकोने भाऊबीजेच्या पहाटे पाटावर बसवून तेलाने रगडला! "ताई, आज ड्यूटी आहे गं!" "वर्षाचा सण आहे, गप बस." दोनदा साबण लावून तो गेला, घाईघाईने काडतुसं भरली, आणि दुपारी नेमके बडे पाहुणे आलेले असताना त्यातली निम्मी फुसकी निघाली. मुदीर, म्हणजे क्लबाचा मॅनेजर, कडाडला, "साधा वाला कमजोर है. कल से सब में मॅग्नम डालो, खलास!"

आता पंचाईत अशी, की रत्नागिरीला असलेल्या त्याच्या बायकोच्या आणि चार वर्षांच्या लेकीच्या व्हिसाचं पत्र याच मुदीरच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं. गप्प बसला असता तर दोष प्रायमरवर जाऊन सगळं निभावलं असतं. संध्याकाळी आमच्याकडे येऊन तो घास न घेता बसला. "दारू तेवढीच ठेवून मॅग्नम लावला तर दाब वाढतो, भावजी. कुणाचा तरी हात जाईल."

"आधी सही तर होऊ दे!" बायको म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

"भजी तळायला होळी पेटवू काय, ताई?"

दुसऱ्या दिवशी त्याने मुदीरसमोर उभं राहून सरळ सांगून टाकलं, "प्रायमर अच्छा है. तेल मेरे हाथ का था." मग भाऊबीज म्हणजे काय, हेही हिंदीत समजावलं. मुदीरने ती सगळी काडतुसं बाद करायला लावली, आठवड्याची रजा कापली, आणि पत्रावर सही ठोकत म्हणाला, "यल्ला, चलो, बीवी को बुला. बहन के घर जाना बंद कर."

त्याची बायको आणि लेक आल्या आणि बुदैयाला त्याने संसार थाटला. शुक्रवारी लेकीला समुद्रावर न्यायचं असायचं, बायकोने मासे केलेले असायचे. आमच्याकडे यायला त्याला कुठली सवड! त्याचं बिऱ्हाड यावं म्हणून वर्षभर सोमवार धरलेली माझी बायको मग दर शुक्रवारी दारावर गाडी वाजली की गॅस बारीक करायची, आणि ती शेजाऱ्याची निघाली की मला म्हणायची, "नाही आला ते बरंच झालं हो. घरी जेवतोय."