काचेआडचं ऊन

गल्लीत त्याला सगळे तावदानराव म्हणत. काच कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हिरकणीची एक रेघ, मागून बोटाची एक टिचकी, की काच हवी तिथंच तुटायची. पण स्वारीला याचा गर्व काही थोडाथोडका नव्हता. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी खिडकीचा कोपरा चाचपायचा, नाक मुरडायचा आणि मगच घरच्यांकडे बघून हसायचा.

बायको शीतगृहात फळांच्या पेट्या भरायची. उजाडायच्या आत शिरायचं आणि दिवेलागणीला बाहेर यायचं, अंगात डोक्यापासून पायापर्यंत जाड कोट. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं.

“ड जीवनसत्त्व अंगात नावालाच आहे,” त्या म्हणाल्या. “पोटात बाळाची फुप्फुसं घडताना ते लागतं. आईला कमी पडलं तर पुढं मुलाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते, असं दिसून आलंय. हे थेंब रोज घ्या. आणि जरा उन्हात बसत जा.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. थोरली पाच वर्षांची होती. साधी सर्दी झाली तरी तिची छाती वाजायची, चार पावलं धावली की ती भिंतीला धरून उभी राहायची. येणाऱ्याच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच दोघांना हवं होतं.

बायकोला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं आणि तावदानराव कामाला लागला. बाई आधीच गारठ्यातून येणार, तिला गच्चीवरचं वारं नको, म्हणून त्यानं गच्चीवर अख्खी काचेची खोली उभारली. भिंती काचेच्या, छत काचेचं, पुट्टीचा एक डाग कुठं दिसेल तर शपथ! सगळी गल्ली बघायला जिना चढून आली. सासूबाई आत बसल्या, घामाघूम झाल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, इथं टोमॅटो लावा. आठवड्यात पिकतील.”

बायको रोज दुपारी आत बसायची. गाल लाल व्हायचे, हाडं शेकायची. नवरा कौतुकानं बघत राहायचा.

“अगं, एवढं ऊन अंगात मुरतंय, आता ते थेंब कशाला?”

तिला त्या थेंबांची चव तशीही आवडत नव्हती. बाटली फडताळात मागं गेली.

पुढच्या तपासणीत आकडा वाढायचा सोडून आणखी खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, काचेच्या खोलीची हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

“अहो, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण ज्या किरणांमुळं हे जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, त्यांना काच अडवते.”

“साधी काच?”

“साधीच.”

“पण मी बसवलेली...?” तावदानरावानं मोठ्या आशेनं विचारलं.

“तुम्ही बसवलेली तर अगदी नीटच अडवणार! आणि थेंब कुणाच्या सल्ल्यानं बंद केले?”

बायको शहाणी. ती पंख्याकडे बघत बसली. याची मात्र सगळी हुशारी एका क्षणात उतरली.

“बाई, उशीर झाला का हो?” त्यानं खुर्ची पुढं ओढत विचारलं.

“अजून बरेच महिने आहेत. आजपासून थेंब चुकवू नका.”

घरी आल्या आल्या तो गच्चीवर गेला आणि स्वतःच्या हातानं एकेक काच उतरवू लागला. गल्ली पुन्हा जिना चढून आली. फुकटचा तमाशा कोण सोडतो! सासूबाईंनी शेरा मारला, “बांधायला इतके दिवस लागले नि सुधारायला एक दुपार. प्रगती आहे!” आधी तो चिडला, मग त्याचं त्यालाच हसू फुटलं. मोकळ्या चौकटीत बायको बाह्या वर करून बसली, वाऱ्यानं तिचे केस उडत होते, आणि थोरली एका चौकटीतून आत, दुसरीतून बाहेर करत होती. थेंब मात्र रोज सकाळी तो स्वतः मोजून द्यायचा आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही.

मुलगा झाला. रडला तो असा, की बाहेर बसलेल्या सासूबाई दचकून उभ्याच राहिल्या.

थंडीत त्याला पहिली सर्दी झाली. नाक वाहत होतं, शिंका चालू होत्या. बापानं त्याच्या छातीला कान लावला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, विनातक्रार. गुण थेंबांचा, उन्हाचा की नशिबाचा, हे डॉक्टरीणबाईंनीही कधी छातीठोक सांगितलं नाही. त्यानं पुन्हा कान लावला. मग तिसऱ्यांदा.

“मला पण ऐकू दे,” थोरली मध्ये घुसली. तिनं भावाच्या छातीवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि खूप वेळ ऐकलं. मग मान वर करून ती बापाकडे बघतच राहिली.

“बाबा, याच्या आत कुणी शिट्टीच वाजवत नाही! सगळ्यांचं असं असतं?”

 बापानं तिला उचलून पोटाशी घेतलं. तिला मात्र तेवढा धीर नव्हता. “सोड ना बाबा,” ती पाय झाडत म्हणाली, “मला अजून ऐकायचंय.”