आबांचं बंद नाक

आमच्या जळगाव ऑफिसात बातम्या रोज शिळ्या होतात, किस्से मात्र साठत जातात. त्यातले निम्मे आबांचे. आबा म्हणजे आमचे फोटोग्राफर, मूळचे चाळीसगावचे. अलीकडचे सगळे किस्से त्यांच्या नाकाचे.

*

गणपतीत नाक बंद झालं. फैजपूरचे डॉक्टर म्हणाले, "केळीच्या बागेतला ओलावा." दीपनगरचे म्हणाले, "वीजकेंद्राची राख." चाळीसगावचे म्हणाले, "कापसाची धूळ."

मी म्हणालो, "आबा, एकदा कोकणात दाखवा. तिथे मीठ निघेल."

"सर्दी शे भाऊ. तिनी बी बातमी करशी का?"

*

केली ना! आरोग्य पुरवणीत लिहिलं, 'हिवाळ्यातली सर्दी : घाबरू नका.' आबांनी कात्रण पाकिटात ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरकडे चला," की आबा ते कात्रण पुढे करायचे.

*

डिसेंबरात ऑफिसची भरीत पार्टी. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावरून वांगी कधी काढायची, हे दरवर्षी आबा डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगतात. त्या वेळी उभे राहिले ते राहिलेच. वांग्यांचा कोळसा झाला.

कुणीतरी ओरडलं, "आबा, लेन्सची कॅप काढा!"

सगळे हसले. आबांच्या रुमालावर रक्त होतं. "शिंकरून शिंकरून आलं," म्हणाले. आम्ही ते जसंच्या तसं मान्य केलं.

*

वहिनींनी शेवटी माझ्या गळ्यात मारून त्यांना धुळ्याला पाठवलं. तिथल्या नाकाच्या डॉक्टर मॅडमनी जाडजूड फाइल उघडलीच नाही.

"कुठली बाजू?"

"उजवी."

"कायम उजवीच?"

"कायम."

तीन डॉक्टर, एक आख्खं ऑफिस. कोण, काय, कधी, कुठे हे विचारण्याचा आम्ही पगार घेतो, आणि 'कुठे' कुणीच विचारलं नव्हतं. राख काय नाकपुडी निवडून जाते?

नाकातला तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. क्वचित होणारा, म्हणून कुणाच्या डोक्यात न येणारा.

मॅडम म्हणाल्या, "उशीर केलात. जीव वाचवायचा प्रयत्न करू. वासाचं मात्र सांगता येत नाही."

आबांनी पाकिटातलं कात्रण काढून माझ्या हातात दिलं.

*

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, वर्ष गेलं. परवा पुन्हा भरीत. आबा वाळले होते, तरी जाळापाशी येऊन डोळे मिटून उभे राहिले.

मी त्यांच्या मागून हळूच ते कात्रण जाळात टाकलं.

आबांनी डोळे उघडले नाहीत.

"वांगाले येळ शे," ते म्हणाले. "हाऊ कागदना वास शे."