कोरमसरांचं विद्यापीठ

शिंदखेड्यात फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं आणि आमचं घर बसलं. आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे, अम्मी आणि मी टाके घालायचो. पूर्वी लग्नसराईत आमच्या शेडबाहेर नव्या गाद्यांची थप्पी लागायची. मग तशी थप्पी दुसऱ्याच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये उभी राहिली आणि आमच्याकडे जुन्या गाद्या उसवून परत भरायचं काम उरलं. त्या कामात दुसऱ्याच्या घरची धूळ आपल्या छातीत भरते. अब्बांना दमा लागला. भाऊ टेम्पोवर गेला. मी दहावी पास होऊन घरी बसले. बसले म्हणजे सुईदोरा घेऊन बसले.

आमच्या शेडची मागची भिंत आणि कॉलेजच्या आवाराची भिंत एकच. ऐन मे महिन्यातल्या एका रविवारी त्या भिंतीवरून कोट आणि टाय घातलेला एक माणूस डोकावला आणि मला म्हणाला, "ताई, तासभर मोकळ्या आहात का? कोरम कमी पडतोय."

कोरम काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बसायला काहीतरी कमी पडत असेल. मी एक गादी उचलून डोक्यावर घेतली आणि फाटकातून आत गेले. वर्गात सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी गादी भिंतीला टेकवून ठेवली, मला पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, "आता आपण दहा झालो. विद्यापीठ सुरू."

हे आमचे कोरमसर. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या दिवशी कुणी उच्चारत असेल. आठवडाभर ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि रविवारी दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्राचे समन्वयक असायचे. केंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूची एक खोली, एक कपाट आणि एक पाटी. पाटी मात्र खोलीच्या दारापेक्षा रुंद होती. विद्यापीठाचा नियम असा की वर्गाला दहा विद्यार्थी नसतील तर तास झाला असं धरायचं नाही, आणि असे न झालेले तास वाढत गेले तर केंद्र बंद. त्यामुळे सरांचं अर्धं आयुष्य दहावा माणूस शोधण्यात गेलं. "ज्ञान नंतर, आधी संख्या," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य ते लोकशाहीच्या धड्यातही तसंच वापरायचे.

खोटी हजेरी लावली असती तर प्रश्नच नव्हता. बाकीची केंद्रं काय करायची हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. सरांना ते चालायचं नाही. सह्या खऱ्या हव्यात, सह्या करणारी माणसं खरी हवीत, आणि माणसांचे प्रवेशही खरे हवेत. म्हणून त्यांनी जो दिसेल त्याचा प्रवेश केला. फाटकासमोरचे चहावाले नाना, बढतीसाठी पदवी हवी असलेले एक हवालदार, बस चुकली म्हणून सावलीला आलेला चोपड्याचा एक केळीवाला. नाना पहिल्या दिवशी म्हणाले, "सर, मी बसस, पन दूध उतू जाई." सरांनी दूध उतरवून ठेवायला वेळ दिला. पाहुणी म्हणून मी दोन रविवार बसल्यावर त्यांनी नियमावली पुन्हा वाचली आणि मला सांगितलं की पाहुणे कोरममध्ये धरता येत नाहीत. बारावी नसलेल्यांसाठी विद्यापीठाचा तयारीचा एक छोटा अभ्यासक्रम असतो, त्यात माझं नाव घातलं गेलं. लोक विद्येच्या ओढीने कॉलेजात जातात असं मी पुस्तकांतून वाचलंय. मी संख्येसाठी गेले.

प्रत्येक तासाची सुरुवात ते विद्यापीठाच्या इतिहासाने करायचे. विषय भूगोलाचा असो नाहीतर समाजशास्त्राचा, आधी हे विद्यापीठ संसदेच्या कायद्याने कसं झालं ते यायचं. मग फळ्यावर उतरंड. सगळ्यात वर राष्ट्रपती, म्हणजे विद्यापीठाचे कुलाध्यक्ष. त्यांच्याखाली कुलगुरू, मग व्यवस्थापन मंडळ, विद्वत परिषद, विद्याशाखा, प्रादेशिक कार्यालय, अभ्यास केंद्र. आणि सगळ्यात खाली, त्या दिवशी जो नवा आला असेल त्याचं नाव. मी आले त्या दिवशी खाली 'शबाना' लिहिलं होतं. सर म्हणाले, "राष्ट्रपती आणि तुमच्यामध्ये मोजकीच माणसं आहेत. त्यातला सगळ्यात खालचा मी." विद्यापीठात कुणी कुणाला अरे-तुरे करायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'तुम्ही' म्हटलं ते तिथे.

मी घरी येऊन ती उतरंड पिठाच्या डब्यावर बोटाने काढून दाखवली. अब्बांनी नीट पाहिली. म्हणाले, "वर राष्ट्रपती, खाले आपली पोर. मंग मधलास्नं काय काम शे?" हा प्रश्न मी पुढे राज्यशास्त्राच्या पेपरात वेगळ्या शब्दांत लिहिला आणि त्याला चांगले गुण मिळाले.

मधल्यांचं काम आम्हाला हळूहळू कळत गेलं. एकदा माझ्या पार्सलमध्ये पर्यटन व्यवस्थापनाची पुस्तकं आली. तोवर मी शिंदखेड्यातून धुळ्याला आणि धुळ्यातून शिंदखेड्याला एवढंच पर्यटन केलं होतं. सर म्हणाले, "वाचून ठेवा. विद्यापीठ चुकत नाही, फक्त बरोबर यायला वेळ घेतं." योग्य पुस्तकं परीक्षा झाल्यावर आली. पुस्तकं हिंदीत असायची, सर मराठीत शिकवायचे आणि आम्ही शंका अहिराणीत विचारायचो. तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण शंका फार नसायच्या.

त्यांची विद्यापीठावरची श्रद्धा दोनदा कसोटीला लागली. पहिल्यांदा लग्नाच्या वेळी. कॉलेजच्या शिपायाने येऊन सांगितलं की खोली रिकामी करा, मैदानात लग्न आहे आणि इथे वरपक्ष उतरणार आहे. सर खडू खाली न ठेवता म्हणाले की हे विद्यापीठ संसदेच्या कायद्याने बसलंय, ते लग्नासाठी उठत नाही. शिपाई म्हणाला, "सर, लगीन आमदारना पुतन्यानं शे." सरांनी क्षणभर फळ्यावरच्या उतरंडीकडे पाहिलं. तिच्यात आमदार कुठेच नव्हते. मग आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात बसलो आणि बँडच्या आवाजात संघराज्य पद्धती शिकलो. वरपक्षातले दोघं ऐकायला येऊन टेकले. सरांनी तिथल्या तिथे त्यांना माहितीपत्रक दिलं.

दुसऱ्यांदा, सरांनी दिल्लीला एक सूचना पाठवली तेव्हा. आपल्याकडे सोसायटीची सभा कोरमअभावी तहकूब झाली की अर्ध्या तासाने त्याच जागी परत भरते आणि मग तिला कोरम लागत नाही. गावोगावचा सहकार याच अर्ध्या तासावर उभा आहे. सरांचं म्हणणं, हाच नियम अभ्यास केंद्राला लावा. मधली सगळी माणसं पार करत सूचना वर गेली आणि बऱ्याच काळाने उत्तर खाली आलं. संबंधित समितीची बैठक कोरमअभावी तहकूब झाल्याने आपल्या सूचनेवर विचार होऊ शकला नाही. आम्ही हसून लोळलो. सरांनी मात्र ते पत्र वर्गात उभं राहून वाचलं आणि समाधानाने घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "बघा, नियम वरही पाळतात."

असं करत मी तयारीचा अभ्यासक्रम पास झाले, बी. ए. ला लागले आणि शेवटच्या वर्षापर्यंत आले. दिवसा टाके आणि रविवारी राज्यशास्त्र. घरात कुणाची हरकत नव्हती, कारण विद्यापीठ भिंतीपलीकडे होतं आणि अम्मीने हाक मारली तर ऐकू यायचं.

मग वरून आदेश आला की आता शिकवणं मोबाईलवर होईल, आणि शिंदखेड्याचं केंद्र जळगावच्या केंद्रात विलीन. परीक्षाही जळगावला. पाटी उतरवायला शिपाई आला तेव्हा सर तिथे उभे होते. पाटी सावकाश उतरवा, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं.

शेवटच्या वर्षाचे पेपर कितीतरी दिवस चालायचे. रोज सकाळी पॅसेंजर, रात्री परत, नाहीतर तिथे राहायचं. चाचांनी आधीच एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि त्यांच्या मते एवढं शिक्षण लग्नाला पुरेसं होतं, जास्त झालं तर अडचण. भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील. अब्बा काहीच म्हणाले नाहीत आणि आमच्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असाच व्हायचा. मी पुस्तकं फळीवर ठेवून दिली. नानांच्या टपरीवरून ही बातमी सरांपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या शेडमध्ये आले. कोट, टाय. मला वाटलं आता संसदेचा कायदा निघणार आणि चाचा हसणार. सरांनी कायदा काढलाच नाही. ते अब्बांना म्हणाले, "रज्जाकभाऊ, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. त्यावर मी बोलणं बरोबर नाही. आपण घरची सभा घेऊ. अध्यक्ष तुम्ही."

चाचा म्हणाले, "सर, हाई घर शे का ग्रामपंचायत?"

"ग्रामपंचायत असती तर तुम्ही इतके शांत बसला नसता," सर म्हणाले.

अब्बांना त्यांनी गाद्यांच्या थप्पीवर बसवलं. बाकी आम्ही खाली. सर सचिव झाले आणि सांगितलं की सचिवाला मत नसतं. माझा प्रश्न असल्यामुळे मलाही मत नाही. मग त्यांनी ठराव मांडला की शबाना यांना परीक्षेसाठी जळगावला पाठवावं. विरोधात कोण, असं विचारल्यावर चाचांनी आणि भावाने हात वर केले. बाजूने कोण, असं त्यांनी विचारलं. मग अम्मीने हात वर केला. डोक्यावरचा पदर सावरायला उचललाय असं वाटावं, इतकाच. पण खाली घेतला नाही. तिच्यामागून भाभीचा हात वर गेला. भावाने वळून पाहिलं तशी ती म्हणाली, "मन्हाकडे काय पाहतस, मोजाले सर शेत ना." सगळे हसले, भाऊ सोडून.

दोन विरुद्ध दोन. सर उठून उभे राहिले. बसायला दिलेला जुना स्टूलही त्यांनी बाजूला सारला. "अध्यक्ष महोदय, समान मतं पडली आहेत. अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मत असतं." समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता, सभा चालू असताना सचिव चहा घेत नाही म्हणून. 

 अब्बांना खोकला आला, तो त्यांनी जाऊ दिला. आयुष्यभर त्यांना कुणीतरी सांगत आलं होतं की गादी कुठे नेऊन टाक, केवढ्याला दे, उद्या ये. महोदय त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "जाय. मी संगे येसू." मग सरांना हळूच विचारलं की आता काय म्हणायचं असतं. सरांनी सांगितलं. अब्बा थप्पीवर ताठ बसले आणि म्हणाले, "ठराव मंजूर."

सरांनी गार झालेला चहा एका घोटात घेतला आणि निघाले.

जळगावला मी पेपर लिहीत असताना अब्बा कॉलेजच्या फाटकाशी बसून असायचे. तिथला चौकीदार त्यांना विचारायचा की पोरगी कसली परीक्षा देते. तिसऱ्या पेपरापासून अब्बा त्याला राष्ट्रपतींपासून सुरुवात करून सांगायला लागले. चौकीदाराने मग विचारणं सोडून दिलं.

सर त्याच वर्षी निवृत्त होऊन पिंपळनेरला भावाकडे राहायला गेले. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांना शिस्तप्रिय म्हटलं आणि शाल दिली. निकाल लागला तेव्हा मी त्यांना फोन केला. गुण त्यांनी विचारले नाहीत. पदवीवर सही कुणाची असेल, एवढं विचारलं. मी म्हटलं, कुलगुरूंची. "मग मधलं कुणी राहिलं नाही," ते म्हणाले आणि पुढे, "तुम्ही मोठं काम केलंत." त्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मी आणि अब्बा एसटीने पिंपळनेरला गेलो. परत येताना साक्री मागे पडली. मग अब्बा म्हणाले, "मानूस भलता हट्टी व्हता. पन मले खुर्ची दिन्ही त्यानी."

नानांनी तयारीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तिथेच थांबले. हवालदारांना बढती मिळाली. मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले, द्वितीय श्रेणीत. आता धुळ्याला सरकारी कचेरीत लिपिक आहे. आमच्या पिंजारी मोहल्ल्यातली पहिली पदवीधर मी.