चौदा एप्रिलचा बंब

आमच्या घरात चौदा एप्रिलला एक ताट झाकून ठेवलं जायचं. पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, वाटीभर खीर, आणि वरून उपडं घातलेलं दुसरं ताट. ते बाबांचं. सगळं यवतमाळ त्या दिवशी पांढरे कपडे घालून रस्त्यावर, आणि आमचा बाप खाकी घालून आगीच्या बंबावर. नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडमध्ये फायरमन होते ते. ड्युटी संपवून घरी यायचे तेव्हा पुऱ्या चिवट झालेल्या असायच्या आणि आई पुऱ्यांपेक्षा चिवट.

आमच्यासारख्या बौद्ध घरात दिवाळी एखाद्या वर्षी नरमगरम झाली तर चालून जातं, जयंतीचं तसं चालत नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून घराला चुना, नवे कपडे, पाहुणेरावळे, जे काय करायचं ते चौदा एप्रिललाच. संध्याकाळी मोठी मिरवणूक निघते. सगळे मोहल्ले आपापलं बॅनर घेऊन त्यात सामील होतात, आणि आईची सगळ्या आयुष्यात एकच मागणी होती. त्या मिरवणुकीत एकदा तरी नवरा आपल्या बाजूनं चालावा. पांढऱ्या सदऱ्यात, चार लोकांना दिसेल असा. बिचारीनं कधी सोनं मागितलं नाही, साडीसाठी हट्ट धरला नाही, पण या एका गोष्टीसाठी ती दरसाल रुसायची. लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला तिनं त्यांच्यासाठी पांढरा सदरा-पायजमा शिवून घेतला होता. तो पेटीत पडून पिवळा झाला. मग दुसरा शिवला, तर तोवर बाबांचं पोट सदऱ्याच्या पुढं निघून गेलं.

बंबाला ती आपली सवत म्हणायची. लाल सवत. कोणी विचारलं, भाऊजी दिसत नाहीत, की म्हणायची, गेले सवतीकडं.

बरं, बाबांना त्या दिवशी सुट्टी न मिळण्याचं एक कारण साधं होतं. एवढी गर्दी, फटाके, डीजे, आणि उंच उंच झेंडे वरच्या तारांना टेकायला आलेले. अशा वेळी चौकात बंब उभा लागतो, आणि बंबावर माणूस लागतो. दुसरं कारण मात्र फार जुनं होतं, आणि तेच मला लहानपणी बिलकुल पटायचं नाही. एकोणीसशे चव्वेचाळीस साली, चौदा एप्रिललाच, मुंबईच्या गोदीत एका जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता. फायरवाले पाणी मारत होते, आणि त्यांच्यासकट जहाज उडालं. कितीतरी माणसं गेली, त्यात फायरवालेही पुष्कळ गेले. तेव्हापासून देशभर हा दिवस फायरवाल्यांचा दिवस. सकाळी त्यांच्या स्टेशनात घंटी वाजायची, सगळे रांगेत उभे राहून मौन पाळायचे, आणि बाबा खिशावर कागदाचा छोटा झेंडा टोचून घ्यायचे.

त्याच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरातून चिंचेचा गोळा पळवायचे. पाइपाच्या तोंडाला पितळेचं नोजल असतं, ते घासायला. आई कुरकुरायची की सणाच्या भाजीची चिंच त्या नळीच्या नरड्यात जाते. तरी चिंच डब्यात समोरच ठेवलेली असायची, हे मी पाहिलेलं आहे.

त्या जहाजावर माझा फार राग होता. आता हसू येतं, पण सहावी-सातवीत असताना मी खरोखर दात-ओठ खायची. तीनशे पासष्ट दिवस पडले होते, आमचाच दिवस काहून? एकदा बाबांना तोंडावर विचारलं, त्या जहाजाला दुसरा दिवस नाही भेटला काय. ते बुटाला पॉलिश मारत होते. मान वर न करता म्हणाले, "आगीले कॅलेंडर वाचता येत नाही, माय."

मग मी सूड घ्यायचं ठरवलं. आमच्या शाळेत सकाळच्या परिपाठात एक पोरगं दिनविशेष वाचायचं, आज इतिहासात काय काय झालं ते. मी चौदा एप्रिलला काय काय वाईट झालं ते गोळा करायला लागले. बाबांना दाखवून द्यायचं होतं की ही तारीख त्यांच्या एकट्याच्या जहाजाची नाही. आणि सापडलं की हो! टायटॅनिक हिमनगावर आदळलं ते चौदा एप्रिलला. अमेरिकेत धुळीचं असं वादळ उठलं की दिवसाढवळ्या अंधार झाला, तेही त्याच तारखेला. बांगलादेशात किलोकिलोच्या गारा पडून माणसं मेली, तीही तारीख तीच. एकेक सापडलं की मी नाचत बाबांकडं जायची. बापाला अपघात नेऊन देणारी पोरगी कोणाच्या घरात नसेल, आमच्या घरात होती.

आणि बाबा प्रत्येकाचं खात्याप्रमाणे बघायचे. धुळीचं ऐकून म्हणाले, यवतमाळात मे महिन्यात ये म्हणा. गारांवर मात्र थट्टा केली नाही, कारण गारपीट आम्ही सगळ्यांनी पाहिलेली होती. टायटॅनिकचं सांगितलं तर आधी झटकून टाकलं, ते पाण्यातलं, आपलं खातं नाही म्हणून. मग थोड्या वेळानं स्वतःच आले आणि विचारलं, त्या जहाजावर पहाऱ्यावर कोण होतं? मला काय माहीत. पुढं कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं तेव्हा येऊन सांगितलं की दोन माणसं वर डोलकाठीवर होती, पण त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती. एवढी वर्षं झाली होती, तरी त्यांना आपला प्रश्न आठवत होता. म्हणाले, "पाहणारा उंचावर पाहिजे, अन् त्याचं ध्यान जाग्यावर पाहिजे. बाकी समदं मंग."

गोदीच्या जहाजाचा मात्र त्यांना अभिमानच होता म्हणा ना. कारण त्यात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या. कापसाची आग म्हणजे बाबांच्या हातचा मळ. आमच्याकडं जिनिंगमध्ये आग लागली की ते तिसऱ्या दिवशी घरी यायचे, भुवयांत रुई अडकलेली, अंगाला जळका वास. आई आंगणात दगडावर बसवून बादल्यांवर बादल्या ओतायची आणि तोंडानं शिव्या घालायची. ते डोळे मिटून सांगत राहायचे की कापूस भडकत नाही, धुमसते, वरून विझला दिसते अन् आतून खात जाते, गाठ फोडून पाहावी लागते. जहाजातल्या त्या गाठी आपल्या वऱ्हाडातूनच गेल्या असतील अशी त्यांची ठाम समजूत. मोबाइल आल्यावर मी शोधून काढलं आणि सांगितलं, बाबा, कापूस कराचीला चढवला होता. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "चढवला असन कराचीले. पिकला कुठं, ते लिहिलं हाये काय?" कप्पाळ!

त्याच जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि स्फोटात उडून लोकांच्या घरांत पडल्या, हेही मी वाचून दाखवलं. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, एखादी इकडं यवतमाळपर्यंत आली असती तर तुझ्या बापाला कधीच घरी बसवलं असतं.

तर असे ते गेल्या वर्षी रिटायर झाले. मी आर्णीजवळच्या एका खेड्यात मास्तरीण आहे. आईनं मला फेब्रुवारीतच फोन करून बजावलं की जयंतीला दोन दिवस आधी ये, या वेळी ते आपल्यासोबत चालणार आहेत. तिचा आवाज लग्न ठरल्यासारखा झाला होता. टेलरकडून नवा सदरा शिवून आणला, या खेपेला पोटाचं माप घेऊन. त्याला एवढी खळ घातली की तो भिंतीला टेकून उभा राहिला असता. चौदाच्या सकाळी बाबा सवयीनं स्टेशनात जाऊन मौनाला उभे राहून आले, खिशावर कागदी झेंडाही टोचून आणला. आईनं तो काढला नाही, फक्त सरळ केला.

संध्याकाळी निघालो. आई पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. रस्ताभर ती विचारणाऱ्याला सांगत होती, आज आले बरं हे, आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होती. लोक बाबांना जयभीम घालत होते, कोणी सरबताचा ग्लास हातात कोंबत होतं. पण बाबा कुठं आमच्यात होते! नजर सारखी वर, तारांकडं. मध्येच पुढं धावायचे आणि कोण्या अनोळखी पोराला झेंडा खाली घ्यायला लावायचे. मग मागं पाहायचे, मग पंजांवर उभे राहून पुढं पाहायचे. आई म्हणाली, आज तरी जमिनीवर पाहा. ऐकतील तर शपथ.

चौकाचं वळण आलं. बंब तिथंच उभा होता, दरवर्षीच्या जागी, दरवर्षीसारखा धुऊन पुसून. टपावर नवा माणूस. बाबा थांबले. मागून रेटा येत होता, बॅनरवाली पोरं ओरडत होती, आणि हे आपले खांबासारखे उभे. आईनं त्यांचा हात सोडला. इतक्या वर्षांची रुसलेली बाई, पण मी तिला त्या क्षणाइतकं दुखावलेलं कधी पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"जा," ती म्हणाली. "भेटून या माझ्या सवतीले. मीच येडी."

"नाही जात," बाबा म्हणाले. "मी पाहून राह्यलो होतो, इथून काय दिसते ते. काहीच नाही दिसत इथून. पुढच्याची पाठ दिसते."

"मंग काय दिसाले पाहिजे होतं?"

"तू," ते म्हणाले. "वरून तू दिसे."

डीजे छातीत धडधडत होता, म्हणून पुढचं त्यांनी आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि मी खेटून उभी होते म्हणून मलाही ऐकू आलं. मी आईच्या कडेवर झोपले होते आणि झोपेतही माझ्या मुठीत झेंडी होती, ते वर्ष त्यांना आठवत होतं. वळणावर आईच्या चपलेचा पट्टा तुटला आणि ती चप्पल हातात घेऊन पुढं चालत राहिली, ते त्यांनी वरून पाहिलं होतं. चिकुनगुनियानं गुडघे धरले त्या वर्षी ती दुभाजकाला धरत धरत आली, तेव्हा त्यांना खाली उडी मारावीशी वाटली होती, पण जागा सोडता येत नव्हती. आमच्या मोहल्ल्याचं बॅनर वळणावर दिसलं की ते टपावर उठून उभे राहायचे. दरवर्षी. त्यांची जयंती तेवढीच होती, बंबासमोरून आम्ही जाईपर्यंतची.

"अन् दरसाली बंबापाशी आली का तू मान तिकडं फिरवून जाये," ते म्हणाले. "एकडाव इकडं पाह्यलं असतं तं."

खरं होतं ते. आई रागानं बंबाकडं पाहायचीच नाही, आणि माझीही मान धरून वळवायची. आम्हाला वाटायचं, तो माणूस आपल्या दिवसाला कधी आलाच नाही. मी मास्तरीणबाई, पोरांवर डाफरणारी, चौकातल्या सरबताच्या टेबलापाशी चारचौघांत रडले. लाज वाटली नाही.

आईनं पदरानं तोंड पुसलं. तिनं बाबांना दंडाला धरून बंबाजवळ नेलं आणि सांगितलं, "इथंच उभे राहा. हलाचं नाही."

मग माझा हात धरून तिनं मला मिरवणुकीच्या उलट्या दिशेनं ओढलं. लोकांचे धक्के खात, शिव्या खात आम्ही वळणाच्या मागं गेलो आणि कोण्या दुसऱ्याच मोहल्ल्याच्या बॅनरमागं बायकांच्या रांगेत घुसलो. आईनं साडीच्या निऱ्या नीट केल्या, केसावरून हात फिरवला. मलाही म्हणाली, तोंड पूस, रडकं दिसू नको.

वळण घेतलं. बंबावरच्या पोरांनी तोवर बाबांना वर चढवलं होतं. खाकीच्या बाजूला पांढराशुभ्र सदरा, खळ घातलेला, आणि ते आमचं बॅनर कुठं दिसत नाही म्हणून भलतीकडंच शोधत होते. मग आम्ही दिसलो. त्यांचा हात वर झाला. आणि माझ्या आईनं, लग्न झाल्यापासून ज्या बंबाकडं कधी मान वर केली नव्हती, त्या बंबाकडं सरळ पाहिलं. पाहतच राहिली. पुढं चालायचं भान नाही, समोर कोण आहे त्याचं भान नाही. चौक ओलांडला तरी मागं वळून पाहत होती. शेवटी पुढच्या बाईच्या टाचेवर तिचा पाय पडला, बाई कळवळली, तेव्हा कुठं मान सरळ झाली.

थोडं पुढं गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "त्याहिले दिसलो असन ना आपण?"

दिसलो, मी म्हटलं, चांगले दिसलो. तिनं मान हलवली. तरी तिची खात्री झाली नाही, आणि आम्ही परत मागं फिरून बंबासमोरून पुन्हा एकदा गेलो.