फळीवरची दोन पापलेटं

मुलीला टीव्हीवरचा व्हिडिओ गेम हवा होता आणि पनवेलचा दुकानदार सलग चार शनिवार एकच तुणतुणं वाजवत होता, "कंपनी मालच सोडत नाही हो!" पाचव्या शनिवारी माझं डोकं फिरलं. तसाच तणतणत मासळी बाजारात गेलो आणि नेहमीच्या कोळणीसमोर सगळा राग काढला.

"मावशी, मुद्दाम दाबून ठेवतात लेकाचे!"

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या फळीवर मात्र कधीही बघा, दोनच पापलेटं. बोलता बोलता त्यांच्यावर पाणी शिंपडायची तिला सवय.

"दाबनारच," ती म्हणाली. "आमी नाय दाबत? सगला म्हावरा मांडला तं लोक नाक मुरडतान. दोनच ठेवली का झडप घालतान."

तिने शेजारचं ओलं गोणपाट उचललं. खाली पाटीभर पापलेटं! मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात एक बाई फळीवर वाकली. मावशीने गोणपाट झटकन खाली सोडलं. "दोनच हायत, ताई."

"ती माझी आहेत!" मी ओरडलो.